खेळताना दुखापत झाली, त्यातून तुमच्यात काय बदललं? (अनुभव धागा)

दुखापतीनंतर मैदानावर परत कसं उतरायचं, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मधल्या काळात माणसाचं काय होतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. ज्यांना खेळताना जायबंदी व्हावं लागलं त्यांनी इथे लिहावं. आधी खेळ आणि दुखापत सांगा, मग काय बदललं ते. काहीच बदललं नसेल तर तेही लिहा.

कबड्डी, गुडघा (एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट)

मी उजवा कोपरा खेळायचे, म्हणजे बचाव करताना उजव्या टोकाला. चढाईवालीच्या मागे वळताना पाय मॅटवरच रुतला आणि अंग तेवढं फिरलं. खट्कन आवाज झाला, शेजारणीलाही ऐकू गेला. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) टेंडन घेऊन नवं बसवलं.

ऑपरेशननंतर फिजिओ मॅडमनी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "मांडी आवळ, गुडघा खाली दाब." मी दाबतेय, मांडी ढिम्म. जिच्या जोरावर इतकी वर्षं पकडी केल्या ती ऐकेचना! सांधा सुजला की मेंदूच त्या स्नायूच्या बाबतीत हात आखडता घेतो, हे त्यांनी तेव्हा समजावलं. म्हणजे मनापासून जोर लावूनही एखादी गोष्ट होत नाही, असं असू शकतं. आमच्या संघात "जमत नाही" म्हणणाऱ्या नवख्या मुलीला एकच उत्तर मिळायचं: अजून जोर लाव. ते उत्तर आता माझ्या तोंडून येत नाही.

दुसरं असं की, प्रशिक्षकांनी मला रिकामं बसू दिलं नाही. गुणलेखनाला बसवलं. तिथून पहिल्यांदा मी चढाईवालीचे फक्त पाय बघितले. बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो तेव्हा मागचा हवेत असावा लागतो, म्हणजे सगळा भार एका पायावर. आणि त्याच्या जरा आधी बहुतेकींचा खांदा झुकतो. आत खेळताना हे बघायला उसंतच नसते. नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण त्याआधी उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापतीचं प्रमाण बरंच जास्त असतं. परतले तेव्हा वेग थोडा कमीच झाला होता. घोटा धरायची वेळ मात्र आधीपेक्षा अचूक साधते.

बॅडमिंटन, अकिलिस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा)

जरा विरुद्ध सूर लावतो. मागून कोणीतरी पोटरीखाली लाथ घातली असं वाटून वळलो, तर मागे कोणीच नाही. अकिलिस तुटल्याची ही नेहमीची खूण, हे नंतर कळलं. बरा झालो, खेळतोही. पण "दुखापतीने मला घडवलं" वगैरे माझ्याकडून व्हायचं नाही. खेळायचे दिवस वाया गेले, एवढंच. भेटायला येणारे "यातूनही काहीतरी चांगलंच निघेल" म्हणायचे, तेव्हा प्लास्टर त्यांच्या पायात असतं तर बरं, असं वाटायचं.

अशा वेळी विनेश फोगाटचं नाव हटकून निघतं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा गेला, २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. कर्तृत्व थोरच. पण तशाच दुखापतीनंतर जे परतले नाहीत त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून परतणं हाच नियम वाटायला लागतो.

पोहणं, खांदा (वरच्यांना उद्देशून)

पटलं. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे म्हणून भर घालते. आघातानंतर माणसात जो चांगला बदल होतो त्याला आमच्याकडे 'वाढ' म्हणतात. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती मोजायची प्रश्नावली १९९६ मध्ये मांडली. त्यांचंही म्हणणं असं की वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, तीही प्रत्येकाची नाही. आणि ती झाली म्हणून त्रास संपतो असंही नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. माझा खांदा अजून दुखतो आणि मी अजून चिडते.

धावणं, नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर)

हाडावर एका ठरावीक जागी बोट दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. एक्स-रे स्वच्छ. एमआरआयमध्ये दिसलं. डॉक्टरांनी नडगीइतकीच चौकशी जेवणाची आणि पाळीची केली. पाळी थांबली होती. धावणाऱ्या बायकांचं असं होतंच, अशी आमच्या ग्रुपात सर्वांची समजूत. प्रत्यक्षात खर्चाच्या मानाने पोटात कमी गेलं की शरीर आधी पाळीवर काट मारतं, मग हाडांवर. आता मी पोटभर खाते, विश्रांतीच्या दिवशी खरंच विश्रांती घेते, आणि ग्रुपातल्या पोरींना हा प्रश्न उघडपणे विचारते. आधी सगळ्या लाजायच्या.

क्रिकेट, कंबरेचा मणका

वेगवान गोलंदाज होतो. गोलंदाजी सुटली, पंच झालो. नो-बॉल देताना आजही गोलंदाजाची कणव येते, तरी देतो.

जिम्नॅस्टिक्स, कोपर (मुलीचं)

मी बाबा आहे, खेळाडू नव्हे. हात गळ्यात बांधलेला असताना ती एकदा म्हणाली, "बाबा, जिम्नॅस्टिक्स नसेल तर मी कोण?" मला उत्तर सुचलं नाही. तिने नंतर डाव्या हाताने चित्रं काढायला सुरुवात केली, वेडीवाकडी. हात बरा झाल्यावर ती पुन्हा सरावाला लागली, पण स्पर्धेत घसरली तरी आता घरी येऊन जेवते. पूर्वी दार लावून बसायची.

फुटबॉल, गुडघा

माझं एसीएलचं ऑपरेशन ठरलंय. वाढ वगैरे नंतर बघू, सध्या संघाचा व्हॉट्सॅप ग्रुप उघडला तरी पोटात खड्डा पडतो. सोडून देऊ का ग्रुप?

कबड्डी, गुडघा

सोडू नका, म्यूट करा. सामन्याचे फोटो बघवत नाहीत ते पहिले काही आठवडे. आत्ता वेळ आहे तर फिजिओंना विचारून सूज उतरवा आणि गुडघा पूर्ण सरळ होतोय ना ते बघा. ऑपरेशनआधी सरळ होत नसेल तर नंतर जास्त झगडावं लागतं. कुबड्यांनी जिना चढायचा सरावही आधीच करा, दुखत्या पायाने ते शिकणं जड जातं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.