सारहाएद, उइनेबवेर्थ : 'तोंडाची किंमत' मराठीत कशी म्हणायची?

वाटाणा
नमस्कार मंडळी, एक अडलंय. मध्ययुगीन वेल्श गोष्टींमधली ब्रानवेनची गोष्ट (मॅबिनॉगी म्हणजे चार भागांचा, त्यांच्या भाषेत चार शाखांचा, गोष्टींचा गुच्छ, त्यातली दुसरी शाखा) मराठीत आणायचा उद्योग अंगावर घेतलाय. वेल्श नीट येत नाही, दोन-तीन इंग्रजी भाषांतरं आणि एक शब्दकोश समोर ठेवून चाललंय, तेव्हा हसू नका.

प्रसंग असा. आयर्लंडचा राजा माथोलुख १३ जहाजं घेऊन वेल्समधल्या हारलेखला येतो आणि बेन्दिगाइदव्रान राजाकडे त्याच्या बहिणीला, म्हणजे ब्रानवेनला मागणी घालतो. जमतं, लग्न लागतं. तेवढ्यात एव्नीस्येन नावाचा भाऊ उगवतो (आई एक, बाप वेगळा) आणि मला न विचारता माझी बहीण दिलीच कशी म्हणून पाहुण्यांच्या घोड्यांचे ओठ, कान, शेपट्या छाटून टाकतो. पाहुणे अर्थातच निघाले जहाजांकडे. मग बेन्दिगाइदव्रान निरोप धाडतो की खराब झालेल्या प्रत्येक घोड्यामागे एक धडधाकट घोडा देतो, शिवाय 'उइनेबवेर्थ' म्हणून चांदीची एक काठी आणि राजाच्या चेहऱ्याएवढा सोन्याचा पत्रा.

तर हे उइनेबवेर्थ. उइनेब म्हणजे चेहरा, ग्वेर्थ म्हणजे किंमत. आणि त्याच्याच पोटात 'सारहाएद' हा शब्द सारखा येतो, अपमान या अर्थी. मी पहिल्या खर्ड्यात 'नुकसानभरपाई' लिहून मोकळी झाले होते पण वाचताना एकदम विमा कंपनीचं पत्र वाटलं. काय करू?

कडूनिंब
'मानहानीची भरपाई' लिहा आणि पुढे चला.

पाटीपेन्सिल
कडूनिंब, एवढ्यात नका पुढे चलू हो. नुकसान घोड्यांचं झालं, त्याची भरपाई घोडे देऊन झाली. काठी आणि पत्रा हे त्याच्यावरचं वेगळं खातं आहे. वाटाणाताईंना नेमका तोच फरक दाखवायचाय, दोन्हीकडे भरपाई शब्द आला की तो बुजणार.

अवांतर: मला न विचारता सोयरीक ठरवली म्हणून भर लग्नात रुसणारा भाऊ प्रत्येक मराठी घरात एक तरी असतो, फक्त आपले घोड्यांपर्यंत जात नाहीत, जेवणाच्या पंगतीवरच भागवतात.

जुनी वही
जरा लांब लिहिते, गोड मानून घ्या. मला या कायद्यांचं वेड आहे.

हे शब्द मुळात गोष्टीतले नाहीत, कायद्यातले आहेत. वेल्श कायदा परंपरेने हवेल धा राजाच्या नावावर आहे, तो वारला इ.स. ९५० च्या सुमारास, पण हातात असलेल्या हस्तलिखितांमधली सगळ्यात जुनी तेराव्या शतकातली, म्हणजे मध्ये तीनशे वर्षं गेली आणि तेवढ्यात वकीलमंडळींनी (हो, तिकडे कायदा जपणारी घराणीच होती) त्यात काय काय घातलं आणि काय गाळलं ते वेगळं काढणं हाच अभ्यासकांचा निम्मा धंदा आहे. तरी एक गोष्ट सगळीकडे दिसते, ती म्हणजे प्रत्येक माणसाला किंमत आहे, आणि एक नाही, दोन. एक त्याला मारून टाकलं तर, तिला गालानास. दुसरी त्याचा अपमान केला तर, ती सारहाएद. जन्माने स्वतंत्र साध्या माणसाचा गालानास काही प्रतींत ६३ गायी आणि सारहाएद ३ गायी अन वर ६० चांदीची नाणी. राजाचा सारहाएद प्रत्येक कान्त्रेवमागे १०० गायी (कान्त्रेव म्हणजे आपल्या परगण्यासारखा मुलूख). लग्न झालेल्या बाईचा नवऱ्याच्या एक तृतीयांश, बिनलग्नाच्या बाईचा भावाच्या निम्मा. गुलामाला गालानास नाहीच, त्याला मारलं तर जनावर मेल्यासारखे मालकाला पैसे द्यायचे. म्हणजे समाजात कोण कुठे उभा आहे हे बघायचं असेल तर या किमतींची यादी बघा, वेगळी जातवारी लावायची गरज नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म: 'सारहाएद' म्हणजे अपमान आणि 'सारहाएद' म्हणजेच त्या अपमानाचे पैसेही. शब्द एकच. गालानासचंही तसंच, दोन घराण्यांमधलं खुनाचं वैरही गालानास आणि ते मिटवायला मोजलेल्या गायीही गालानास. इंग्रजी भाषांतरवाले दर वेळी दोन वेगळे शब्द वापरतात आणि तिथे ती गंमत सांडते.

उंबरठा
गालानाससाठी मराठीत तयार शब्द आहे की! दावा. 'दावा साधला', 'सात पिढ्यांचा दावा', 'दावेदार' म्हणजे जुन्या मराठीत वैरी. आणि कोर्टात लावतो तोही दावाच. वैर आणि मागणी एकाच शब्दात.

जुनी वही
उंबरठा, हे फार म्हणजे फार आवडलं. फक्त एक खोच आहे, आपला दावा मागण्यापर्यंत येतो, दिलेल्या पैशाला आपण दावा म्हणत नाही. पण वैराकडून पैशाकडे जाणारी वाट तीच आहे. आणि 'सात पिढ्यां'चं म्हणाल तर गालानास एकट्या खुन्याने भरायचा नसतो, त्याची भावकी भरते, दोन वाटे बापाकडच्यांनी आणि एक वाटा आईकडच्यांनी, आणि वर्तुळ इतकं लांबपर्यंत जातं की तुम्ही ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा चुलत-चुलत भावाने कुठेतरी भाला चालवला म्हणून तुमच्या गोठ्यातली गाय सुटते. त्यामुळे आपला कोण किती लांबचा हे पाठ असणं ही तिकडे हौस नव्हती, हिशेबाची गरज होती.

ताकभात
भाऊबंदकीचा वेल्श अवतार 😀

बरं एक भाबडा प्रश्न. हा बेन्दिगाइदव्रान राक्षसाएवढा आहे ना? लग्नही म्हणे तंबूत लागलं कारण हा कुठल्या घरात मावतच नाही. मग चेहऱ्याएवढा पत्रा म्हणजे कुणाच्या चेहऱ्याएवढा? याच्या असेल तर अख्ख्या वेल्सचं सोनं संपेल.

वाटाणा
ताकभात, माथोलुखच्या! ज्याचं तोंड काळं झालं त्याच्या मापाने. पण मापावरून आठवलं, काठीचा घोळ आहे. शार्लट गेस्टबाईंचं जुनं भाषांतर (१८३८ ते १८४९ मध्ये आलं ते) म्हणतं की काठी राजाएवढी मोठी आणि राजाएवढी उंच. नवीन भाषांतरात मात्र राजाएवढी उंच पण जाडी करंगळीएवढी. करंगळी आली कुठून?

जुनी वही
करंगळी कायद्यातून आली 😀 हीच तर खरी मजा आहे. गोष्टीच्या हस्तलिखितात वाक्य आहे तसं वाचलं तर काठी राजाएवढी जाड आणि राजाएवढी लांब असंच निघतं, म्हणजे चांदीचा खांबच झाला तो. गेस्टबाईंनी समोर होतं ते इमानदारीत उतरवलं. १९३० मध्ये इफोर विल्यम्स यांनी चार शाखांची संपादित आवृत्ती काढली, त्यांनी कायद्यातल्या राजाच्या सारहाएदचं कलम शेजारी ठेवून बघितलं. तिथे काठी आहे, तिची जाडी राजाच्या बोटाने मोजलीय, आणि चेहऱ्याएवढं सोनंही आहे. म्हणजे नक्कल करताना कुणीतरी दोन शब्द गाळले. ते करंगळीचे शब्द त्यांनी कंसात भरले आणि तेव्हापासून बहुतेक सगळे तसंच घेतात.

कायद्यात प्रतीप्रतीला तपशील बदलतात, कुठे चांदी कुठे सोनं, कुठे करंगळी कुठे मधलं बोट, पण मापं नेहमी राजाच्या अंगावरची. आणि सोन्याच्या पत्र्याची जाडी काय सांगितलीय माहितेय? वर्षानुवर्षं नांगर धरलेल्या नांगऱ्याच्या नखाएवढी. कायद्याच्या पुस्तकात नांगऱ्याचं नख! मला ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आजोबांचे अंगठे आठवले, राठ, पिवळे, कात्रीला दाद न देणारे.

कडूनिंब
तुमचा तो गाळलेल्या शब्दांचा मुद्दा मान्य, पण गोष्टीत अतिशयोक्ती मुद्दाम नसेल कशावरून? राजा घरात मावत नाही ते चालतं आणि काठी खांबाएवढी चालत नाही?

जुनी वही
रास्त शंका. पण घेणारा माथोलुख साध्या मापाचा माणूस आहे, आणि बाकीचा देण्याचा हिशेब सगळा कायदेशीर, घोड्याला घोडा वगैरे. तिथे एकदम खांब आला तर तोल जातो असं मला वाटतं. तुम्हाला खांब ठेवायचा असेल तर हस्तलिखित तुमच्या बाजूने आहे, हे कबूल.

दोन पैसे
मी सध्या कार्डिफजवळ राहतो, संध्याकाळच्या वेल्श वर्गाला जातो म्हणून थोडी भर. आजच्या वेल्शमध्ये 'सारहाद' म्हणजे नुसता अपमान, पैशाचा अर्थ गळून गेला. आणि ग्वेर्थ (किंमत) आणि ग्वार्थ (लाज, बट्टा) हे दोन वेगळे शब्द आहेत, एका स्वराचा फरक. जुन्या लिखाणात उइनेबवेर्थच्या जागी उइनेबवार्थ असंही सापडतं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात चेहऱ्याची किंमत आणि चेहऱ्याची लाज दोन्ही एकात एक मिसळलेलं. 'लाजेचं मोल' असं काही जमेल का?

उच्चाराबद्दल: त्यांचं डब्ल्यू हे बऱ्याचदा स्वर असतं, ऊसारखं, म्हणून वाटाणाताईंनी 'उइनेब' लिहिलंय ते 'वायनेब'पेक्षा पुष्कळ बरं.

पाटीपेन्सिल
'लाजेचं मोल' छान आहे पण कवितेत. राजा निरोपात असं बोलणार नाही, तो व्यवहार बोलतोय.

मी अब्रूच्या बाजूने आहे, आणि कारण ऐका. अब्रू शब्द फारसी आबरूवरून आलाय. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा (रूबरू मधला रू तोच). चेहऱ्यावरचं पाणी ती अब्रू. म्हणजे आपल्या शब्दाच्या आतच चेहरा बसलाय, आपण विसरलो एवढंच. तर उइनेबवेर्थ = अब्रूची किंमत, अक्षराला अक्षर.

ताकभात
आईशप्पथ. इतकी वर्षं अब्रू काढतोय लोकांची, चेहरा दिसलाच नाही.

उंबरठा
+१. आणि अपमान म्हटलं की आपल्याकडे नाक कापलं जातं, तोंडाला काळं लागतं, तोंड दाखवायला जागा उरत नाही. सगळं वरच्या मजल्यावरच. एव्नीस्येनने पण घोड्यांचे ओठ-कानच छाटले, म्हणजे पाहुण्याच्या घोड्याचं तोंड बिघडवलं. त्याला बरोब्बर कळत होतं कुठे सुरी चालवायची.

जुनी वही
अब्रूला माझं मत. शेजाऱ्यांकडेही हेच आहे, आयरिश कायद्यात 'चेहऱ्याचं मोल' अशाच अर्थाचा शब्द आहे आणि फ्रान्सकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या नवव्या शतकातल्या दस्तांमध्ये उइनेबवेर्थचा सख्खा भाऊ सापडतो.

एक सावधगिरी. वेल्श कायद्यात उइनेबवेर्थ राजांपुरतं नाही. नवरा दुसऱ्या बाईकडे गेला तर बायकोला उइनेबवेर्थ द्यावं लागतं, पहिल्यांदा १२० पेन्स, दुसऱ्यांदा एक पौंड, तिसऱ्यांदा ती तिचं सगळं घेऊन चालती होऊ शकते. तिथे मराठीत 'अब्रू' म्हटलं की वाचणारा बाईची अब्रू या घासून गुळगुळीत झालेल्या अर्थाकडे जाणार, आणि इथे तर उलट आहे, चूक नवऱ्याची आणि मोल तिच्या चेहऱ्याचं. तुमच्या गोष्टीत ते कलम येत नाही म्हणून अडचण नाही.

वाटाणा
वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक त्रास देते. अपमानाचे तीन वेगळे शब्द आलेत. एव्नीस्येन म्हणतो यांनी माझा 'त्रेमिग' केला. माथोलुखला त्याची माणसं सांगतात की तुझं 'ग्वारादुइध' झालं. आणि कायद्याचा तो सारहाएद. मी तिन्हीकडे 'अपमान' लिहिलंय आणि आता लाज वाटतेय.

पाटीपेन्सिल
त्रेमिग म्हणजे खिजगणतीत न धरणं. 'मला मोजलंच नाही' असं लिहा, भावाच्या तोंडी अगदी शोभेल. ग्वारादुइध चारचौघातली फजिती दिसतेय, म्हणून 'नाचक्की'. सारहाएद मोजून-मापून ठरतो, तिथे अपमान राहू द्या.

दोन पैसे
ग्वारादुइध आजही वापरात आहे, लाजिरवाणी गोष्ट या अर्थी. नाचक्की चालेल.

वाटाणा
बघा बरं:

"त्याला सांगा, खराब झालेल्या प्रत्येक घोड्यामागे एक धडधाकट घोडा देईन. त्यावर अब्रूची किंमत म्हणून करंगळीएवढी जाड आणि त्याच्याएवढी उंच चांदीची काठी, आणि त्याच्या चेहऱ्याएवढा रुंद सोन्याचा पत्रा. आणि हेही सांगा की हे कुणी केलं, आणि ते माझ्या मनाविरुद्ध झालं. करणारा माझ्या आईच्या पोटचा आहे, त्याला मारणं मला सोपं नाही."

उंबरठा
'आईच्या पोटचा' मस्तच. पण मला पुढचं सांगा, एवढं घेऊन माथोलुख गप्प बसला?

वाटाणा
छे हो. मेजवानीला बसला तरी तोंड पडलेलंच, म्हणून बेन्दिगाइदव्रानने वर एक जादूची कढई दिली, मेलेला योद्धा टाकला की जिवंत होतो पण बोलत नाही. ती घेऊन गेला. आणि दुसऱ्या वर्षी आयर्लंडातल्या लोकांनी तीच नाचक्की पुन्हा उकरली, ब्रानवेनला मुदपाकखान्यात टाकलं, खाटीक रोज येऊन तिच्या कानाखाली मारायचा, तीन वर्षं. घोडे, काठी, पत्रा सगळं पोचलेलं असताना.

कडूनिंब
म्हणजे पावती फाटली पण दावा फिटला नाही.

जुनी वही
कडूनिंब, आता हे वाक्य वाटाणाताईंना द्या. आणि खाटकाच्या त्या थपडेवर कायदा काय म्हणतो तेही बघा: राणीचा सारहाएद तीन गोष्टींनी होतो, तिने दिलेलं अभय मोडलं, रागाने तिला मारलं, किंवा तिच्या हातातून काही हिसकावून घेतलं. ब्रानवेनचा सारहाएद रोज होत होता आणि मोजायला कुणी नव्हतं, म्हणून तिने एक मैना पाळली, तिला बोलायला शिकवलं आणि पंखाखाली चिठ्ठी बांधून भावाकडे पाठवली.

ताकभात
मैना की साळुंकी? यावर नवीन धागा काढा, मी आलोच.