एका वर्षात दोन क्लेम, आता गाडीचा प्रीमियम वाढला. 'हाय-रिस्क' शिक्का पुसता येतो का?

प्रश्न:
११९७ सीसीची पेट्रोल गाडी, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. तीन वर्षं क्लेम नव्हता, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट, ३५ टक्के. यंदा बंपरचे दोन क्लेम झाले. ओन डॅमेज (ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम ५,२०० होता, रिन्यूअलला ९,२०० आलाय. सिग्नलची दोन ई-चलानंही आहेत. एजंट म्हणतो, "तुम्ही हाय-रिस्क झालात." कंपनी बदलून फायदा होईल का?

प्रतिसाद १:
आधी पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) उघडा आणि प्रीमियमच्या ओळी वेगवेगळ्या वाचा. बोनसआधी तुमचा ओडी ८,००० होता. ३५ टक्के वजा जाऊन ५,२०० राहिले. बोनस शून्यावर आल्यावर ८,००० धरा, वरचे १,२०० म्हणजे लोडिंग, जोखीम जास्त धरून कंपनीने लावलेली वाढ. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीला तो २०२२ मध्ये ३,४१६ रुपये ठरला. क्लेम कितीही झाले तरी तो तुमच्यासाठी वाढत नाही, आणि थर्ड पार्टी विमा कंपनीला नाकारताही येत नाही.

बोनस पहिल्याच क्लेमला गेला. दुसऱ्याने बोनसचं नुकसान वाढलं नाही, पण लोडिंग लागण्याचं कारण बहुधा तोच. इथे एजंट नीट सांगत नाहीत: क्लेम नसता तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के मिळाले असते. आता ०, २०, २५, ३५, ४५ मिळतील. फरकांची बेरीज १२० टक्के, म्हणजे ८,००० वर ९,६०० आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण ११,३००. (गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, उतरत जाते, त्यामुळे थोडं कमी भरेल.)

आता बंपर बघा. समजा पार्ट ५,०००, मजुरी १,५००, पेंट ४,०००, बिल १०,५००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे २,५०० गेले. पेंटच्या बिलातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणून ५०० गेले. सक्तीची कपात, म्हणजे दर क्लेमला तुम्ही सोसायचा ठरलेला भाग, १,०००. हातात ६,५००. एवढ्यासाठी ११,३०० घालवायचे? असं काम खिशातून करावं.

प्रतिसाद २:
चलानचं वेगळं आहे. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटाने वाहतूक नियम मोडणाऱ्यांसाठी वेगळा प्रीमियम सुचवला होता: दारू पिऊन चालवलं तर १०० दंडगुण, चुकीच्या पार्किंगला १०, आणि सुरुवात दिल्लीत. पण ती शिफारस होती. तुमच्या कोटमधली वाढ क्लेमची आहे, चलानची नाही. दंड मात्र भरून टाका.

कंपनी बदलायला हरकत नाही. लोडिंग प्रत्येक कंपनीचं आपापलं, म्हणून तीन-चार कोट घ्या. फॉर्मवर "मागच्या वर्षी क्लेम घेतला का?" याला 'हो'च लिहा. खोटा बोनस घेतला तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि ते उघड होतं नेमकं अपघातानंतर, क्लेमच्या वेळी. मग क्लेम नाकारतात किंवा कापून देतात.

प्रीमियम खाली आणायला १५,००० ची ऐच्छिक कपात (दर क्लेमला एवढे आपण भरू, अशी कबुली) घेऊ नका. जुन्या टॅरिफमध्ये (सगळ्यांना सारख्या दरपत्रकात) त्यावर ३५ टक्के, पण जास्तीत जास्त २,५०० सूट होती; आता कंपनीगणिक बदलते. वर्षाला दोनदा गाडी घासत असेल तर हा सौदा तोट्याचा.

प्रतिसाद ३:
पॉलिसी संपू देऊ नका. संपली की आधी तपासणी, मगच नवी पॉलिसी; आणि ९० दिवसांपुढे गेलं तर जमलेला बोनसही जातो. तुमचा आत्ता शून्य आहे, पण पुढच्या वर्षीचे २० टक्के सांभाळायचेत. बोनस २५-३५ टक्क्यांवर परत आला की एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम झाला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) घ्या, फक्त वर्षाला किती क्लेम चालतात ते त्याच्या अटींत वाचून घ्या.

आणि खरा हाय-रिस्क कोण, तर रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणारा. त्याचा स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो. समोरच्या जखमीला कोर्ट विमा कंपनीकडून भरपाई द्यायला लावू शकतं, पण मग तीच रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.