मदत हवी आहे: कोथरूडहून टेकडीवर ८ किमीचा मातीचा फेरा

दोन महिन्यांपूर्वी पुण्यात कोथरूडला राहायला आले. आधी सोसायटीच्या आवारातच गोल गोल पळायचे, फेरे मोजून वीट आला होता. आता घरामागे म्हातोबा टेकडी आहे आणि खरं सांगते, गजराआधीच जाग येते. वर पोहोचेपर्यंत उजाडतं, झाडीतून मोर ओरडत असतात, पायाखाली डांबराऐवजी माती. परवा तिला लागूनच असलेल्या वेताळ टेकडीच्या दगडखाणीपाशी घड्याळ थांबवून नुसती खाणीत साठलेल्या पाण्याकडे बघत बसले. (वेळेचं वाटोळं झालं, पण असो.)

अडचण अशी की खाणीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परतले, तर जेमतेम ५ किमी भरतात. एकदा पंचवटीकडे आणि एकदा लॉ कॉलेजच्या बाजूला उतरून पाहिलं. दोन्हीकडून परत यायला डांबरी रस्ता आणि गाड्यांचा धूर. नकाशात पायवाटा भरपूर दिसतात, पण त्यातल्या दोन थेट काटेरी झुडपात संपल्या.

मी एकटीच असते, पावणेसहा ते सव्वासात एवढाच वेळ. उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे मुरमाड, घसरणारा तीव्र उतार नको. चढ कितीही चालेल. बूट ट्रेलचेच आहेत. कुत्र्यांची भीती नाही, पण अगदी निर्मनुष्य वाट टाळायची आहे.

म्हातोबाच्या बाजूने चढून, खाणीला वळसा घालून, वेगळ्या वाटेने पुन्हा कोथरूडलाच उतरता येईल असा ८ किमीचा फेरा कुणी नेहमी पळतं का? खाणीपासून पुढे नेमकं कुठे वळायचं?