सासूबाईंशी बोलणं जुळत नाही

प्रश्न: मी लातूरची, सासर वेंगुर्ल्याचं. सासूबाई माझ्याशी पुस्तकी मराठीत मोजकंच बोलतात. शेजारीण आली की मालवणीत तासभर. बांगडे साफ करायला शिकले, तरी अंतर तसंच. फार लागतं मनाला.

उत्तर: मानसशास्त्रज्ञ डॉन बर्न यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की मतं जुळणारा अनोळखी माणूसही अधिक आवडतो. पुढे हॉवर्ड जाइल्स यांनी मांडलं, की जवळीक हवी असली की माणूस आपली बोली समोरच्याकडे वळवतो. त्या तुमच्याकडे वळल्यात हो! पुस्तकी मराठी तुमच्यासाठीच.

उत्तर: मी देवगडची सून, माहेर नागपूर. एकदा सोलकढी बिघडली, सासूबाईंना म्हटलं, "आई, माका जमना नाय, दाखवा." त्या शेजारी येऊन बसल्या.

प्रश्नकर्ती: हे सुचलंच नव्हतं. उद्या तिरफळाचं विचारते, मालवणीत.