'रचनात्मक बदल' म्हणजे नक्की काय? मामांच्या मानेवरून अडलेला शब्द

केळीबाग :
मंडळी एक शब्द अडलाय. माझे मामा, चोपडा तालुका, केळीचं काम, वय ५४. दोन वर्षांपासून त्यांची मान आपोआप डावीकडे जाते. आधी सगळे म्हणाले लचक भरली, मग उशी बदलून झाली, चोळून झालं, शेजारच्या आजींनी तर "मान वाकडी व्हयी गयी, कोन्हीतरी कायतरी करेल शे" म्हणत लिंबू उतरवलं. शेवटी न्यूरोवाल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वाकडं होणारा आजार. एमआरआय काढला, मेंदूचा रिपोर्ट नॉर्मल. झालं, सुटलो म्हणेपर्यंत मामेबहिणीने कुठलंसं मराठी माहितीपत्रक पाठवलं, त्यात लिहिलंय "डिस्टोनियाच्या प्रौढ रुग्णांच्या मेंदूत रचनात्मक बदल आढळतात". आता मामा विचारतात रिपोर्टवाला खोटा की पत्रकवाला, आणि मामी म्हणतात रचनात्मक म्हणजे काहीतरी चांगलंच असेल ना? मला दोघांनाही उत्तर देता येईना.

मास्तर_अमळनेर :
मामींचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसाला रचनात्मक म्हटलं की गांधीजींचा रचनात्मक कार्यक्रमच आठवणार, खादी, ग्रामोद्योग, सफाई. १९३६ ला आपल्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष. त्या काळापासून हा शब्द विधायक याच अर्थाने कानात बसलाय. हिंदीत तर त्याला क्रिएटिव्ह अशीही छटा आहे. पत्रकवाल्याला म्हणायचंय ते इंग्रजीतलं स्ट्रक्चरल. त्याला कोशवाले 'संरचनात्मक' लावतात, तो चुकत नाही पण दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. मी सरळ 'बांधणीतला' म्हणेन. घराची बांधणी, पुस्तकाची बांधणी, तशी मेंदूची.

चुंबकवाला :
मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, रिपोर्ट लिहीत नाही पण रोज बघतो. ताई, रिपोर्टवाला खोटा नाही. तो डोळ्यांनी बघतो, गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, जुना स्ट्रोक आहे का, कुठे काही साठलंय का. मामांसारख्या, म्हणजे मोठेपणी सुरू झालेल्या आणि दुसरं काही लक्षण नसलेल्या डिस्टोनियात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. दिसतं ते वेगळ्या आजारांत. विल्सनच्या आजारात तांबं साठतं, त्यात मिडब्रेनच्या, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागाच्या चित्रात पांडाचं तोंड दिसतं, खरंच तसंच नाव आहे त्याला. लोह साठण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात 'वाघाचा डोळा' दिसतो. मामांच्या मेंदूत ना पांडा ना वाघ, म्हणून नॉर्मल, आणि ही चांगली बातमी आहे.
पत्रकात जे आलंय ते संशोधनातलं. तिथे एका माणसाकडे बघतच नाहीत. डिस्टोनियावाल्यांचा एक गट आणि धडधाकटांचा एक गट, सगळ्यांचे मेंदू कॉम्प्युटरवर ताणून दाबून एकाच साच्यात बसवतात, मग बारीक बारीक घनाचे ठोकळे पाडून (व्हॉक्सेल म्हणतात) प्रत्येक ठोकळ्यात मेंदूचा करडा भाग (ग्रे मॅटर) किती ते दोन्ही गटांत ताडून बघतात. अॅशबर्नर आणि फ्रिस्टन यांनी २००० साली ही पद्धत मांडली, व्हॉक्सेल बेस्ड मॉर्फोमेट्री. केळीच्या भाषेत सांगायचं तर दोन बागांतले तीस तीस घड तोलले आणि एका बागेची सरासरी अर्धा किलोने जास्त भरली. पण म्हणून एक घड उचलून कोणी सांगू शकतं का हा कुठल्या बागेचा?

केळीबाग :
नाही सांगता येत, आणि जो सांगतो तो व्यापारी असतो 😄 समजलं भाऊ.

खाटेवर_बसून :
मला मात्र 'बदल' हाच शब्द खटकतोय, त्याकडे कोणाचं लक्षच नाही. बदल म्हणायचं तर आधीचा फोटो पाहिजे ना? मामांचा मान ओढायला लागायच्या आधीचा एमआरआय कुठेय? नाहीच. या अभ्यासांतही बहुतेक वेळा नसतो, आजारी आणि निरोगी अशी वेगवेगळी माणसं एकेकदाच तपासलेली असतात. मग तो बदल कसा, तो फरक झाला. इंग्रजीत चेंज लिहितात म्हणून आपण डोळे मिटून बदल लिहितो. खरा बदल बघायचा तर २००४ चा तो चेंडू झेलण्याचा प्रयोग बघा, माणसांना तीन महिने तीन चेंडू हवेत फिरवायला शिकवलं, आधी स्कॅन नंतर स्कॅन, मेंदूचा एक भाग वाढलेला दिसला आणि सराव सोडल्यावर परत उतरला. तीच माणसं, म्हणून तिथे बदल. त्याआधी २००० मध्ये लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतर माणसांपेक्षा मोठा दिसला होता, तो मात्र फरक.

मास्तर_अमळनेर :
शाब्बास. हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

फिजिओची_पोर :
यात अजून एक गोम आहे. मान दोन वर्षं डावीकडेच राहिली तर मेंदू त्याला सरावणारच की, मग फरक आजारामुळे पडला की फरक होता म्हणून आजार झाला हे एका स्कॅनवरून कसं ठरणार. आणि फरकाची दिशाही एक नाही. १९९८ च्या एका अभ्यासात चेहऱ्याचा किंवा हाताचा डिस्टोनिया असणाऱ्यांचा मेंदूतला पुटामेन नावाचा भाग सरासरीने १० टक्के मोठा निघाला होता, पुढच्या काही अभ्यासांत कुठे करडा भाग जास्त कुठे कमी, बेसल गँग्लियासोबत (पुटामेन त्यातलाच) सेरेबेलम, थॅलॅमस, हालचाल आणि स्पर्शाची कॉर्टेक्स, असं मेंदूच्या भागांचं सगळं जाळंच येतं त्यात. म्हणून 'झीज' पण म्हणू नका प्लीज. आमच्याकडे एका पेशंटच्या घरच्यांनी मेंदू झिजला असं ऐकलं आणि त्यांना गाडीच चालवू देईनात.

तापीकाठी :
आणि डिस्टोनियालाच मराठी शब्द काय? मन्यास्तंभ चालेल का?

मास्तर_अमळनेर :
स्तंभ म्हणजे खांब. मान खांबासारखी आखडली तर मन्यास्तंभ. यांची मान आखडलेली नाही, ती जाते, येते, हिसका मारते. मूळ शब्द १९११ साली हरमान ओपेनहाइम या जर्मन डॉक्टरने केला, टोन म्हणजे स्नायूचा ताण, तो कधी ढिला कधी घट्ट असा बिघडलेला दिसला म्हणून डिस्टोनिया. पण मराठीत 'ताण' शब्द घातला की संपलं, लोक लगेच म्हणणार टेन्शन घेतो म्हणून होतं. 'आकडी' तर अजिबात नको, ते फेफरं.

केळीबाग :
हो ना, टेन्शनचंच ऐकून ऐकून मामा वैतागलेत. त्यात एक गंमत, ते हनुवटीला एक बोट लावतात की मान सरळ होते. नुसतं लावायचं, दाबायचं नाही. लोक म्हणतात बोटाने सरळ होते म्हणजे नाटकच आहे.

फिजिओची_पोर :
नाटक नाही हो, ही तर डिस्टोनियाची ओळखीची खूण. सेन्सरी ट्रिक म्हणतात. कोणी गालाला हात लावतं, कोणी डोकं मागे भिंतीला टेकवतं. मराठीत 'टेकू' म्हणावं वाटतं पण टेकूत जोर येतो आणि इथे जोर नसतोच, म्हणून मी पेशंटला 'स्पर्शाची युक्ती' सांगते.

तापीकाठी :
मामा स्वतः काय म्हणतात त्याला? मान दुखते, वळते, की अजून काही?

केळीबाग :
"मान ओढास."

मास्तर_अमळनेर :
मग आपण कशाला कोश उघडून बसलोय. 'ओढ'! मानेची ओढ, हाताची ओढ, पापणीची ओढ. आणि पत्रकातलं वाक्य असं करा : "अंगात ओढ असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांचे गट ताडून पाहिले तर मेंदूच्या बांधणीत सरासरीने बारीक फरक दिसतो, एकट्या माणसाच्या एमआरआयमध्ये तो सहसा दिसत नाही." लांब झालं, असू द्या.

खाटेवर_बसून :
ओढ छान आहे पण मास्तर, पापणीची ओढ म्हटलं की कविता वाटते, आणि माहेरची ओढ पण आठवते. सोबत डिस्टोनिया लिहावंच लागेल.

केळीबाग :
मामांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचं पहिलं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात आहे, तीनेक महिन्यांनी परत घ्यावं लागेल म्हणालेत. सगळं ऐकून घेतलं, घडाचं पण पटलं, आणि मग विचारतात, "मंग मना घड तोलानं काय लेशीत ते?"