मदत हवी: गावाचा मृत्युदर कसा काढायचा? आमचा देशाच्या दुप्पट येतोय

मंडळी नमस्कार, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव आहे आमचं, जंगलाकडचं. परवा तेराव्याच्या जेवणाला पंगतीतच वाद लागला, यंदा १४ माणसं गेली, कोण म्हणतंय लक्ष्मीची यात्रा लांबवली म्हणून, कोण म्हणतंय नवीन बोअरच्या पाण्यानं. मी आपला शहाणपणा करून मोबाईलवर हिशोब केला, पंचायतीच्या फलकावर लोकसंख्या ११८० आहे, १४ भागिले ११८० गुणिले १०००, आला जवळपास १२. आणि २०२० चा देशाचा दर ६! आता सगळे माझाच आकडा घेऊन बोअर बंद करा म्हणून बसलेत. माझं काय चुकलंय का?

घाटावरचा
सूत्र बरोबर आहे, याला ढोबळ मृत्युदर म्हणतात, वर्षातले मृत्यू भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, दर हजारी. पण ११८० कधीची? फलकावरची म्हणजे २०११ च्या जनगणनेची असणार. आणि १४ मध्ये कोण कोण धरलंत? भागाकारात वर आणि खाली एकाच गटातली माणसं पायजेत, नायतर हिशोबाला अर्थ नाही.

धागाकर्ता
होय की, २०११ चीच. आणि १४ मधले दोघं वीस वर्षं पुण्यात होते, कार्य तेवढं गावात झालं. उलट आमच्या गल्लीतल्या काकू बेळगावात दवाखान्यात वारल्या, त्यांची नोंद पंचायतीत नाहीच. त्यांना धरायचं का?

सिस्टरताई
धरायचं. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, त्यामुळं खानापूरचा माणूस बेळगावच्या आकड्यात जातो, निपाणीचा कोल्हापुरात वारला तर थेट महाराष्ट्रात. नुसतं रजिस्टर बघितलं तर दवाखाने असलेलं शहर उगाच जीवघेणं दिसतं. म्हणून देशाचा दर नमुना नोंदणीतून काढतात, निवडलेल्या गावांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत असतो, दर सहा महिन्यांनी दुसरा येऊन घरोघर वेगळं विचारतो आणि मग दोन्ही याद्या ताडून बघतात. त्यात माणूस नेहमी राहतो कुठं ते धरतात.

धागाकर्ता
काल पोरीला घेऊन घरोघर फिरलो. राहती माणसं ९३०च भरली, तरणी पोरं सगळी गोव्याला नायतर पुण्याला. मृत्यू १२, पुण्याचे दोघं काढले, काकूंना त्या १४ मध्ये आधीच धरलेलं. म्हटलं दर खाली येईल, तर उलट चढून १३ झाला 😐

सिस्टरताई
चढणारच ओ, गावात म्हातारी माणसंच उरलीत! वयं बघा आधी. केरळचं बघा, २०२० मध्ये तिथं हजार जन्मांमागं ६ बाळं वर्षाच्या आत दगावली, देशात २८, तरी ढोबळ मृत्युदर केरळचा ७ आणि देशाचा ६. म्हणून काय केरळात आरोग्य वाईट म्हणायचं? तिथं म्हातारे जास्त, एवढंच. वयोगटानुसार दर काढा आणि मग त्याच वयाच्या लोकांशी तुलना करा.

घाटावरचा
आणि एका वर्षावर जाऊ नका, एवढ्याशा गावात दोन माणसं इकडची तिकडं झाली की दर दोननं हलतो. पाच वर्षांची बेरीज घ्या. पाण्याचं म्हणाल तर ते तपासून घ्याच, पण त्याला मृत्युदर कशाला पायजे? जुलाब, कावीळ किती जणांना झाली ते आशाताईंना विचारा, ते आधी दिसतं.

धागाकर्ता
बारापैकी दहा सत्तरीच्या पुढचे निघाले. एक ट्रॅक्टर उलटून गेलेला, एक किडनीचा. मागची चार वर्षं ९, १३, ७, ११, म्हणजे यंदाचं काय आभाळ कोसळलेलं नाही. पाण्याची बाटली भरून ठेवलीय, सोमवारी तालुक्याला देतो. फक्त एक अडचण, निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आधारवर १ जून. आमची आजी तिथं ७१ वर्षांची आहे आणि तिचा थोरला, म्हणजे आमचे बाबा, ६४ वर्षांचे. वय कुठलं धरू?

सिस्टरताई
😂 आजीला लग्न कधी झालं, पहिलं बाळंतपण कधी, ते विचारून अंदाजानं धरा. दहा-दहा वर्षांचेच गट करायचेत, चालतंय तेवढं.