मदत हवी आहे: मोगऱ्याला पानंच पानं, कळी एकही नाही

कुंडीवाली:
पाडवा होऊन गेला तरी माझ्या मोगऱ्याला कळीचा पत्ता नाही. झाड छान आहे, पाणी रोज, खत वेळच्या वेळी. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा मोगरा नुसता लगडलाय आणि त्या म्हणे काहीच करत नाहीत! व्हिडिओ बघून डोकं उठलंय. एक म्हणतो छाटा, दुसरा म्हणतो हात लावू नका. नक्की काय करू? जरा लवकर सांगा, नाहीतर हाही सीझन जायचा.

गच्चीवरचा_माळी:
कुठे राहता? थेट ऊन किती तास? कुंडी केवढी? खत कोणतं? छाटणी कधी केली होती?

रिकामटेकडा:
फोटो?

सालपापुद्रे:
एवढं कशाला विचारत बसता. केळीची सालं भिजवून ते पाणी घाला. माझी जास्वंद त्यावरच फुलते.

गच्चीवरचा_माळी:
प्रश्न मोगऱ्याचा आहे.

कुंडीवाली:
पुणे. पूर्वेची गॅलरी, ऊन भरपूर. कुंडी १२ इंची. खत म्हणजे दर पंधरवड्याला थोडा युरिया, शिवाय घरचं कंपोस्ट. छाटणी नाही केली, वाढलेलं झाड कापायचं जिवावर येतं. फोटो संध्याकाळी टाकते.

मळेकरी:
ताई, युरिया आजपासून बंद. नत्र जास्त झालं की झाड माजतं, नुसतं पानावर जातं. आणि मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नाही. आम्ही थंडीत पाणी तोडतो, ताण देतो, जानेवारीअखेर छाटतो, मग शेणखत घालून पाणी सोडतो. तुम्हीपण आठ-दहा दिवस पाणी तोडा.

गच्चीवरचा_माळी:
छाटणीचं बरोबर. पण पाणी तोडू नका हो! शेतात मुळं खोल जातात, थंडीत ताण सोसतो. कुंडीत, या उन्हाळ्यात, झाड चार दिवसांत वाळेल.

मळेकरी:
आमचा मोगऱ्याचा मळा आहे. गॅलरीवाल्यांनी शिकवू नये.

गच्चीवरचा_माळी:
मळ्याला कुठे नाव ठेवतोय? कुंडीचं बोलतोय.

परसदार_न्यूजर्सी:
तुमच्याकडे पाडव्याला मोगरा, आमच्याकडे अजून रात्री दहिवर गोठतंय. माझी मोगऱ्याची कुंडी दिवाणखान्यात खिडकीशी आहे, रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर टिकायला लागलं की बाहेर काढेन. डेलियाचे कंदही तोवर तळघरात. कुणी डेलिया घरात आधी फुटवून मग जमिनीत लावतं का?

सालपापुद्रे:
डेलियालाही केळीचं पाणी चालतं.

मीठमोहरी:
एप्सम सॉल्ट घाला, एक चमचा लिटरभर पाण्यात. हमखास उपाय.

गच्चीवरचा_माळी:
ते मॅग्नेशियम. पानं पिवळी पडत असतील तर एकवेळ बघता येईल. कळी आणायचं औषध नाही ते.

कुंडीवाली:
भांडू नका प्लीज. फोटो टाकलाय.

रिकामटेकडा:
मागे हिरवं दिसतंय ती शेडनेट आहे का?

कुंडीवाली:
हो, मग? ऊन लागतं म्हणून लावलीय. सगळ्यांच्याच गॅलरीत असते.

रिकामटेकडा:
समोरच्या काकूंच्याही?

कुंडीवाली:
त्यांच्याकडे नाही. त्यांची गच्ची आहे.

गच्चीवरचा_माळी:
मग झालं की! मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पूर्वेला मुळात दुपारपर्यंतच मिळतं, त्यात तुम्ही नेट ओढलीत. फोटोत शेंडे वेलासारखे लांबलेत, ते उजेड शोधतायत. नेट लावायचीच तर ती फर्न, मनी प्लांट असल्यांवर. मोगरा बाहेरच्या कठड्याशी, उन्हात.

मळेकरी:
हे मात्र पटलं. नेटखाली मोगरा कसा येईल.

कुंडीवाली:
ठीक आहे, मोगऱ्यावरची नेट काढते. पण छाटणीला उशीर झाला का?

गच्चीवरचा_माळी:
थोडा झाला, पण चालेल. आत्ता फक्त एक तृतीयांश उंची कमी करा, वाळक्या आणि बारीक काड्या मुळाशी काढा. वरची माती हलवून मूठभर शेणखत, थोडी निंबोळी पेंड. पाणी सकाळी, माती वरून सुकल्यावर. महिना-सव्वा महिन्यात नव्या फुटीला कळ्या दिसायला हव्यात. मोगरा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फुलतो, सीझन गेला नाही. पुढच्या वर्षी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच कात्री लावा. कळ्या जांभळट पडून गळल्या तर अळी असते, तशा कळ्या लगेच खुडून टाका.

निशिगंधप्रेमी:
विषय निघालाच आहे तर, निशिगंधाचे कंद लावायचे हेच दिवस, एप्रिल-मे. ‘सुवासिनी’ डबल पाकळीची, ‘शृंगार’ सिंगल, दोन्ही जाती बेंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेच्या.

कुंडीवाली:
माझ्याकडे निशिगंध नाही. छाटलेल्या काड्यांचं काय करू? पावसाळ्यापर्यंत फ्रिजमध्ये ठेवल्या तर?

मळेकरी:
नको ताई, मरतील. वीतभर, तीन पेरांची काडी घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत पुरा आणि कुंडी सावलीत ठेवा. उन्हाळ्यात निम्म्या जातात. जास्त हव्या असतील तर जुलैत पुन्हा लावा.

गच्चीवरचा_माळी:
तुमची शेडनेट काड्यांसाठी वापरा.